पहिले हजार किलोमीटर



आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला नवी गाडी आली हे कळल्यापासून मला तिघींचे फोन आले. अभिनंदन झालं, रंग विचारून झाला आणि मग तिघींनीही फिरून फिरून एकच प्रश्न विचारला. नवी गाडी पहिले हजार किलोमीटर जपून चालवायची म्हणतात, म्हणजे नक्की करायचं काय? एकीची सून म्हणते, आता तसलं काही नसतं. दुसरीकडे गाडी महिनाभर चाळीसच्या वर गेलेलीच नाही. तिसरीच्या मुलाने आणल्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याला पिटाळली, ती सुसाट. फोनवर सांगून संपणारा हा विषय नाही, म्हणून आज स्वयंपाकघर सोडून इंजिनावर लिहिते. हसू नका. आमचे हे तेहतीस वर्षं उद्यमनगरात बोअरिंग-होनिंगचं काम करत होते. आमच्या घरात सिलिंडर, पिस्टन, रिंग हे शब्द मीठ-मिरचीसारखे वापरले गेलेत. दुकानाचे हिशेब माझ्याकडे असायचे. कुठलं इंजिन काम करून गेलं आणि कुठलं धूर सोडत परत आलं, हे मला बिलांवरून कळायचं.

आधी गाडी का घेतली ते सांगते. यांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं आणि यांनी त्याच दिवशी किल्ली माझ्या हातात दिली. त्यावर एक शब्द बोलले नाहीत. जुनी गाडी सतरा वर्षांची झाली होती. मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, आता नवी कशाला? लागेल तेव्हा भाड्याची बोलवा." हिशेब म्हणून त्याचं बरोबर होतं. पण मी एकोणसाठाव्या वर्षी लायसन्स काढलंय, आणि सांगलीला डोळ्यांच्या दवाखान्यात वरचेवर जायचं तर दर वेळी परक्या गाडीची वाट बघत फाटकात उभं राहणं मला पटेना. पोस्टातल्या माझ्या ठेवी मोडल्या, थोडे यांनी घातले आणि गाडी माझ्या नावावर घेतली. आमच्या घरात बाईच्या नावावर गाडी येण्याची ही पहिलीच वेळ. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या याचा विचार मी मुद्दाम केला नाही.

शोरूममध्ये दोन गोष्टींना नाही म्हटलं. चामड्याची सीट कव्हरं नकोत, कापडी द्या. आणि चाकाखाली लिंबू चिरडायचं नाही. तिथला पोरगा जरा गोंधळला, पण त्याने लिंबू उचलून खिशात टाकलं. गाडी घेऊन आम्ही आधी शुक्रवार पेठेत लक्ष्मीसेन मठात गेलो. अक्षय्य तृतीया म्हणजे आदिनाथ भगवंतांच्या पहिल्या आहाराचा दिवस, उसाच्या रसाचा. दर्शन घेतलं, बाहेर येऊन एकेक ग्लास रस घेतला आणि कसबा बावड्याला घरी आलो. शोरूममधून गाडी निघाली तेव्हा मीटरवर ४१ किलोमीटर होते. हा आकडा मी वहीत लिहिला. ओपनिंग बॅलन्स लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही.

आता मूळ प्रश्न.

तुमच्यापैकी ज्यांनी जातं पाहिलंय त्यांना हे पटकन कळेल. पाथरवटाने जात्याला टाकी लावली की पहिलं पीठ आपण खात नसू. त्यात दगडाची कच यायची. दोन-चार पायल्या भरड दळून ते गुरांना घालायचं आणि मग घरचं जोंधळं लावायचं. टाकीने पाळूला खरबरीतपणा येतो, त्याशिवाय दाणा धरला जात नाही. पण अगदी वरची टोकं घासून जायला हवीत, तरच पीठ मऊ येतं. इंजिनाचं तसंच आहे. (कोल्हापुरी चप्पल आधी चावते आणि मग पायाला बसते, असंही सांगता आलं असतं, पण आपल्यातल्या बऱ्याच घरांत चामडं नाही.)

सिलिंडर म्हणजे इंजिनातली गोल विहीर आणि पिस्टन म्हणजे तिच्यात वरखाली होणारा डबा. डब्याच्या गळ्याभोवती साधारण तीन रिंगा असतात. वरच्या दोन रिंगा पेट्रोल पेटल्यावरचा दाब खाली निसटू देत नाहीत आणि खालची भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून खाली पाठवते. विहिरीची भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल असं आपल्याला वाटतं. तशी ती ठेवत नाहीत. होनिंगच्या दगडाने तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेषा पाडतात. लग्नानंतर पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हा यांनी मला एका ब्लॉकमध्ये हात घालायला लावला होता. नखाला त्या रेषा जाणवतात. त्या रेषांत ऑइल थांबतं आणि रिंग त्या ऑइलावरून घसरते. नव्या इंजिनात रिंगही नवी आणि रेषाही नव्या, दोघींचीही टोकं उभी. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ती टोकं एकमेकींवर घासून सपाट होतात आणि रिंग भिंतीला चारी बाजूंनी टेकते. मेकॅनिक लोक याला 'रिंगा बसल्या' म्हणतात. बसल्या तर इंजिन वर्षानुवर्षं ऑइल मागत नाही. नाही बसल्या तर मागून निळा धूर येतो, आणि मग आमच्यासारख्यांच्या दुकानात बिल होतं.

रिंग बसायची तर तिला भिंतीवर दाबायला हवं. रिंगेची स्वतःची स्प्रिंग थोडीच दाबते, खरा दाब येतो तो पेटलेल्या गॅसचा. तो रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. म्हणजे इंजिनाला थोडं काम द्यावंच लागतं. फार जपून, गोगलगायीसारखी गाडी चालवली तर दाब पुरेसा येत नाही, रिंग वरच्यावर घसरत राहते, भिंतीवरचं ऑइल भाजून तिथे चकचकीत थर बसतो आणि रेषा बुजतात. मग कितीही चालवा, ती रिंग बसत नाही. उलट, पहिल्याच दिवशी जोर लावला तर उभ्या टोकांवर एवढी उष्णता होते की ऑइलचा पापुद्रा फाटतो आणि पिस्टन सिलिंडरला धरतो.

दुकानाच्या वहीत दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं होती. एकजण नवं बोअर केलेलं इंजिन रनिंगला म्हणून दारात उभं करून दिवसभर नुसतं सुरू ठेवायचे. गाडी हलली नाही, धूळसुद्धा बसली नाही, इतकी काळजी. दोन महिन्यांत धूर काढत परत आले आणि आमच्याशीच भांडले. दुसऱ्याने जीपचं काम करून घेतलं आणि त्याच संध्याकाळी नऊ माणसं भरून गोव्याची वाट धरली. घाटात जीप जाम झाली, टोचन करून आणावी लागली. हे तेव्हा म्हणाले होते, "एकानं उपाशी ठेवलं आणि एकानं पहिल्याच घासाला पोळी कोंबली."

तेव्हा चाळीसच्या वर न नेणाऱ्या माझ्या मैत्रिणीला माझं सांगणं, तुमच्याकडे काळजी आहे पण ती चुकीच्या जागी आहे. चाळीसचा नियम खोटा नव्हता, जुना आहे. आमच्याकडे कितीतरी वर्षं थांबून स्कूटर आली तेव्हा तीही पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेली नव्हती. त्या काळात नव्या फियाट, ॲम्बेसेडरच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी पाटी असायची. तुम्ही पुढे जा, आम्ही हळू आहोत, असा तिचा अर्थ. बावड्यात नदीकाठाला उसाच्या पाण्यासाठी नवं डिझेल इंजिन बसलं की आधी काही तास हलक्या भारावर चालवून मग पंपावर पूर्ण पाणी घ्यायचे.

फियाटचा विषय निघालाच आहे तर आपल्यातल्या एका माणसाचं नाव घेते, कारण नव्या पिढीला ते माहीत नसतं. वालचंद हिराचंद, सोलापूरच्या दिगंबर जैन घरात १८८२ साली जन्मलेले. या देशात मोटार बनली पाहिजे म्हणून त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे घरोघरी दिसणारी फियाट आणि पद्मिनी ती त्याच कारखान्याची. साताऱ्याचा कूपरचा इंजिनांचा कारखानाही त्यांच्या हाताखाली आला होता. सांगलीच्या वालचंद कॉलेजला नाव आहे ते त्यांचंच. आपण आहार-विहाराचे नियम सांगताना पुष्कळांची नावं घेतो, यंत्र ओळखणाऱ्या आपल्या माणसाचंही घ्यावं.

तर तेव्हाची इंजिनं बनवायच्या यंत्रांनाच आजच्याइतकी नेमकी मापं काढता येत नव्हती. एक सिलिंडर दुसऱ्यासारखा नसायचा. राहिलेलं काम गिऱ्हाइकाने रस्त्यावर पूर्ण करायचं असायचं. आता तसं नाही. माझा मुलगा म्हणाला, "आई, ते सगळं कारखान्यातच करून देतात. बाबांना सांग, जमाना बदलला." यांना सांगितलं. मला वाटलं चिडतील, तर म्हणाले, "बरोबर आहे त्याचं, पण अर्धं." होनिंग केल्यावर त्या रेषांची वरची टोकं कारखान्यातच छाटून देतात, दऱ्या तेवढ्या ऑइलसाठी ठेवतात. त्याला प्लॅटो होनिंग म्हणतात. म्हणजे पूर्वी जे काम हजार किलोमीटरमध्ये व्हायचं त्यातलं बरंचसं आधीच झालेलं असतं. रिंगांनाही निराळे मुलामे असतात, ऑइल सुधारलंय. पण रिंग आणि भिंत एकमेकींना भेटतात त्या तुमच्याच इंजिनात, आणि ती शेवटची ओळख इंजिन चालल्याशिवाय होत नाही. म्हणूनच गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात आजही पहिल्या हजार किलोमीटरचं पान आहे. मी मुलाला त्या पानाचा फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. आजकाल हरल्याची कबुली अशीच देतात.

एवढं कळल्यावर माझ्यासमोर निराळाच प्रश्न उभा राहिला. शेजारच्या काकांनी सल्ला दिला, "वहिनी, चार वेळा हायवेनं साताऱ्यापर्यंत जाऊन या, झाले हजार." सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता. पण मला तो दोन कारणांनी नको होता. पहिलं कारण इंजिनाचं. हायवेवर तासभर एकाच वेगाने गेलं की इंजिन एकाच फेऱ्यांवर फिरत राहतं, आणि नव्या इंजिनाला चढउतार हवा असतो. दुसरं कारण आपलं. रत्नकरंड श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी अनर्थदंड सांगितलेत, त्यांत प्रमादचर्येत निष्कारण फिरणं आणि दुसऱ्याला निष्कारण फिरवणं हेही धरलं आहे. मोटार नसलेल्या काळातलं हे. नुसता आकडा भरावा म्हणून पाचशे किलोचं नाही तर टनभराचं लोखंड रस्त्यावरून न्यायचं, काचेवर किती पाखरं आपटायची, किती पेट्रोल जाळायचं, आणि हातात काय, तर मीटर. मला ते जमणार नव्हतं. पण इंजिनाला हजार किलोमीटर नीट चालवणं हेही गरजेचं. नाहीतर ते पुढे दहा वर्षं ऑइल जाळेल, त्याचा धूर कुणाच्या नाकात जाणार?

मग मी वहीला एक रकाना वाढवला. तारीख, सुरुवातीचं रीडिंग, शेवटचं रीडिंग, आणि 'कारण'. कारण लिहिता येत नसेल तर गाडी काढायची नाही. आणि महिन्यात जी कामं रिक्षाने, बसने, कुणाच्या तरी मागे लागून होणार होती, ती सगळी गोळा केली. सांगलीच्या दवाखान्याच्या तीन खेपा होत्याच. नणंदेची शेती वाघबीळच्या अलीकडे आहे, तिचे गुडघे गेलेत, तिला कोल्हापुरात आणून सोडायची कामं साठली होती. इचलकरंजीला एक लग्न आणि एक दुखवटा. जाऊबाई आणि आमच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या, ज्यांना कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनाला नेतो नेतो म्हणून त्यांच्या घरच्यांनी दोन वर्षं काढली होती. आणि यांची फार दिवसांची स्तवनिधीची इच्छा. बाजारहाटाची कामं मी आठवड्यात दोनदा एकत्र केली. एकेका कोथिंबिरीच्या जुडीसाठी थंड इंजिन सुरू करून एक किलोमीटर जाऊन बंद करणं त्याला सगळ्यांत वाईट. ऑइल तापेपर्यंत आपण घरी परत. तेवढं पायी जावं.

पहिली खेप सांगलीची. शिरोली, हातकणंगले, जयसिंगपूर, अंकलीचा पूल. त्या रस्त्याला नावं ठेवतच आम्ही आजवर गेलो. गर्दी, मध्येच ट्रॅक्टर, मध्येच गतिरोधक. पण रनिंगसाठी हाच रस्ता उत्तम निघाला. कुठे तीस, कुठे साठ, गिअर सतत वरखाली, ॲक्सिलरेटर कधी अर्ध्यापर्यंत दाबायचा, कधी पूर्ण सोडायचा. पाय सोडला की इंजिन स्वतः गाडीला ओढून धरतं, तेव्हा सिलिंडरमध्ये ओढ तयार होते आणि भिंतीवर ताजं ऑइल चढतं, घासून निघालेली बारीक कच धुतली जाते, असं यांचं म्हणणं. आम्ही काटा साधारण दोन आणि तीन हजार फेऱ्यांच्या मध्ये ठेवत होतो. टॉप गिअरमध्ये गाडी रडत नेणंही तितकंच वाईट, वेग कमी असला तरी इंजिनावर भार फार पडतो. खालच्या गिअरमध्ये घ्यायची.

आता खरी अडचण सांगते. ती इंजिनाची नव्हती. हे शेजारच्या सीटवर बसून सूचना देत होते. "गिअर टाक. आता टाक. क्लच सोड. डावीकडे बघ." डावीकडे मलाच बघायला हवं होतं, यांना ती बाजू दिसतच नाही. हातकणंगल्यापर्यंत मी ऐकलं. तिथे गाडी कडेला घेतली आणि म्हटलं, "अहो, रस्ता मी बघते. तुम्ही फक्त आवाज ऐका. आवाज बदलला तर सांगा. रस्त्यातलं काही सांगायचं नाही." ते गप्प बसले. मला वाटलं रागावले. जयसिंगपूर गेलं तरी बोलेनात. मग अंकलीच्या अलीकडे म्हणाले, "तिसऱ्यात घे. घोरतंय." मी घेतलं. खरंच घोरत होतं, मला कळलं नव्हतं. यांनी डोळे मिटलेले होते.

त्या दिवसापासून तसंच ठरून गेलं. माझ्याकडे रस्ता, यांच्याकडे आवाज. थंड इंजिन सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबायचं, जागेवर ॲक्सिलरेटर देत बसायचं नाही, पहिले दोन-तीन किलोमीटर हळूच जायचं. दवाखान्यासमोर मे महिन्याच्या उन्हात इतर गाड्या एसी लावून तासतास उभ्या होत्या, आम्ही बंद करून झाडाखाली बसलो. नवं इंजिन उभ्या उभ्या चालवायचं नाही, ते त्या जुन्या गिऱ्हाइकाचं प्रकरण मला पाठ होतं.

नणंदेकडे जाताना वाघबीळच्या अलीकडचा चढ लागतो. पहिल्या आठवड्यात तिथे चारजण बसवून जायला यांनी नाही म्हटलं, दोघंच गेलो. तिसऱ्या खेपेला नणंद, तिची सून आणि दोन पोती शेंगा होत्या. हे म्हणाले, "आता चालेल, आवाज बारीक झालाय." मला तो फरक सांगता येणार नाही. पहिल्या दिवशी इंजिनाच्या आवाजात थोडी भरड होती, ती गेली, एवढंच कळतं. बाकी ब्रेकचं तेवढं मीही ओळखलं. नव्या ब्रेकची पॅड आणि चकती यांनाही एकमेकींवर बसायला वेळ लागतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून लांब राहायचं, म्हणजे करकचून दाबायची वेळ येत नाही. टायरही नवे असताना साच्यातून आल्यामुळे जरा गुळगुळीत असतात. वळिवाचा पाऊस आला तेव्हा मी हे लक्षात ठेवून वीसने आणली.

बाहुबलीची खेप सांगितल्याशिवाय राहवत नाही. गल्लीतल्या त्या दोघींपैकी एक ब्याऐंशीच्या. भगवान बाहुबलींच्या अठ्ठावीस फुटी मूर्तीसमोर त्या बसल्या त्या उठेचनात. आम्हाला सूर्यास्ताआधी घरी जेवायचं होतं, शिवाय अंधारात गाडी चालवायची नाही हे माझं आधीपासूनचं, दिव्यावर किडे येतात. मी घाई करायला गेले तर त्या म्हणाल्या, "अगं, दोन वर्षं थांबले मी गाडीसाठी, तुझी गाडी थांबंल की अर्धा तास." थांबली. त्या दिवशी आम्ही बिनजेवणाचे, पाणीही न घेता झोपलो आणि कुणाचीही तक्रार नव्हती. मी वहीत कारण लिहिलं: बाहुबली, चौघी आणि हे.

स्तवनिधीला मात्र कागल, निपाणीकडून हायवेनेच जावं लागतं. तिथे युक्ती केली. थोडा वेळ साठ, मग ऐंशी, मग सत्तर, असा वेग बदलत गेलो. मागच्या गाड्यांनी बरेच हॉर्न दिले. तेव्हा मला ती काचेवरची जुनी पाटी हवीशी वाटली.

साधारण नऊशे झाल्यावर एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, हे म्हणाले, "जरा शिये फाट्यापर्यंत जाऊन येऊ या का?" मी विचारलं, काय काम आहे? म्हणाले, "काम काही नाही." वहीचा नियम यांना माहीत होता. मी दोन मिनिटं तशीच उभी राहिले. दुकान बंद केलं त्याला सहा वर्षं झाली. या गाडीच्या पुढे आमच्याकडे आणखी नवी गाडी येईल असं वाटत नाही, आणि हे यांच्याही मनात असणार. किल्ली घेतली. पंचगंगेच्या पुलावरून शिये फाटा, आणि परत. एसी बंद, रेडिओ बंद, काचा वर. हे जाताना आणि येताना एक अक्षर बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "बसल्या." अकरा किलोमीटर झाले. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: आवाज ऐकणे. अनर्थदंडात हे बसतं का, ते पर्युषणात माताजींना विचारीन. प्रायश्चित्त दिलं तर घेईन.

एकोणतिसाव्या दिवशी मीटर १०२६ वर होतं. म्हणजे आमचे ९८५. सांगली तीन खेपा ३२४, बाहुबली दोन खेपा १२४, स्तवनिधी १०४, नणंदेकडे चार खेपा १४४, इचलकरंजी दोन खेपा १२०, गावातली कामं आणि मठ १५८, आवाज ११. बेरीज मी दोनदा तपासली आहे.

पहिल्या सर्व्हिसला गेलो. यांना पहिलं ऑइल बदलून हवं होतं, कारण जुन्या पद्धतीत ते बदलायचेच, त्यात घासलेल्या धातूची भुकटी असते. सर्व्हिसवाल्याने सांगितलं की पुस्तकाप्रमाणे आता बदलायची गरज नाही, बारीक कच फिल्टर धरतो, फक्त पातळी बघायची. दोघांचं थोडं जुंपलं. शेवटी यांनी ऑइलची कांडी मागितली. दिसत नाही म्हणून डोळ्यांशी नेली नाही, दोन बोटांवर थेंब घेऊन चोळला, वास घेतला, परत चोळला. "राहू दे," म्हणाले, "वाया कशाला घालवायचं." सर्व्हिसवाल्याने त्यांना हात पुसायला कापड दिलं, ते यांनी घेतलं नाही. रुमालाला पुसले. तो डाग अजून निघालेला नाही. सोडा, लिंबू, सगळं करून झालं, कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा.

आता पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी इंजिन थंड असताना आणि गाडी सपाट जागी असताना, ऑइलची पातळी मी बघते आणि थेंब यांच्या बोटावर देते. नव्या इंजिनाला सुरुवातीला थोडं ऑइल कमी होऊ शकतं, म्हणून लक्ष ठेवायचं. आमचं आजवर हललेलं नाही. वेगाची बंदी उठली आहे, तरी मी ऐंशीच्या वर जात नाही, ते माझ्या वयाचं, इंजिनाचं नाही. कारणाचा रकाना चालू ठेवलाय. येत्या गुरुवारी सांगली आहे, आणि जाताना गल्लीतल्या त्या ब्याऐंशीच्या आजींना हातकणंगल्याला त्यांच्या लेकीकडे सोडायचं आहे.